धंदा बसला, आता पुढे काय? दुकान नीट बंद करण्याची आणि त्यातून बाहेर पडण्याची पद्धत

दुकान चालत नाही हे मालकाला सगळ्यांच्या आधी कळतं, कारण रात्री गल्ला तोच मोजतो. तरीही ते कबूल व्हायला सहा महिने, कधी वर्ष जातं. मधल्या काळात बायकोच्या बांगड्या गहाण पडतात, मेव्हण्याकडून हातउसने येतात, पतसंस्थेत दुसरं कर्ज निघतं आणि मूळ तोट्याच्या दुप्पट देणं अंगावर बसतं. मी छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटी बघतो. धंदा बसला म्हणून कायमची कंबर मोडलेली माणसं मी फार थोडी पाहिली. बसलेला धंदा ओढत राहिल्यामुळे, किंवा शटर ओढून फोन बंद करून बसल्यामुळे मोडलेली पुष्कळ पाहिली.

तेव्हा हा लेख नाश्ता सेंटर, कपड्याचं दुकान, मोबाइल शॉपी, चहाची फ्रँचायझी असं काहीतरी स्वतःच्या नावावर काढून तोट्यात गेलेल्या माणसासाठी. भागीदारी फर्म किंवा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कागदपत्रं वेगळी लागतात, पण क्रम बराचसा हाच. मनाला उभारी देणारी वाक्यं इथे नाहीत. अपयश आलं की जो तो लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगतो: शेतकरी लोखंडी नांगर घ्यायला तयार नव्हते, लोखंडाने जमीन नासते म्हणायचे, बेळगावची जागा सोडावी लागली आणि मग १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. गोष्ट खरी आहे. पण त्या वेळी त्यांच्याकडे कसब होतं, बरोबर यायला तयार असलेले कारागीर होते आणि माळावर जागा देणारे औंधचे संस्थानिक होते. ज्याच्या गाळ्याचं तीन महिन्यांचं भाडं थकलंय त्याला या गोष्टीतून उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही.

आधी एक गणित, मग एक तारीख

बंद करायचं की चालवायचं हा निर्णय भावनेवर सोडला की उत्तर नेहमी ‘आणखी एक सीझन बघू’ असंच येतं. म्हणून कागद घ्या.

समजा एमआयडीसीच्या रस्त्यावर मिसळीचं छोटं हॉटेल आहे. गाळ्याचं भाडं १८,०००, दोन माणसांचे पगार २८,०००, वीज ५,०००, कर्जाचा हप्ता ९,०००. म्हणजे एकही प्लेट विकली नाही तरी महिन्याला ६०,००० जाणार. एक प्लेट ७० रुपयांना जाते. त्यात मटकी, फरसाण, पाव, तेल, गॅस असं सगळं धरून ३८ जातात, हातात ३२ राहतात. ६०,००० भागिले ३२ म्हणजे १,८७५ प्लेटा. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज ७२-७३ प्लेटा गेल्या तर फक्त बरोबरी. त्यात मालकाचा स्वतःचा पगार शून्य.

आता खरी विक्री किती? इथे आठवणीवर विसंबू नका. आठवणीत गर्दीचा शनिवार राहतो, रिकामा मंगळवार राहत नाही. यूपीआयचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा, रोखीचा अंदाज त्यात मिळवा. सरासरी ४५ प्लेटा निघाल्या तर महिन्याला सुमारे साडेबावीस हजारांचा खड्डा पडतोय. मग प्रश्न असा विचारायचा: ४५ च्या ७३ होतील असं कोणतं ठोस कारण दिसतंय? शेजारची कंपनी तिसरी शिफ्ट सुरू करणार असल्याचं नक्की झालंय का? भाडं कमी करायला मालक तयार झालाय का? असं एखादं कारण असेल तर तीन महिन्यांची मुदत घ्या आणि कॅलेंडरवर तारीख लिहा. ‘लोकांना चव कळायला वेळ लागतो’ हे कारण नव्हे.

तारीख ठरली की गाळ्याचा करारनामा बाहेर काढा. लिव्ह अँड लायसन्समध्ये नोटिशीचा काळ किती, लॉक-इन (ज्या काळात गाळा सोडता येत नाही ती मुदत) आहे का, डिपॉझिटमधून काय कापता येतं, हे नीट वाचा. अनेकांनी सही करताना ते वाचलेलं नसतं. नोटीस लेखी द्या, व्हॉट्सॲपवर तरी द्या. तोंडी सांगितलेलं पुढे कोणाला आठवत नाही.

वही: सगळी देणी एका ठिकाणी

हे काम एका बैठकीत करायचं. थोडं थोडं केलं की नकोसं देणं नेमकं वहीबाहेर राहतं. साधी दोनशे पानी वही चालेल. प्रत्येक देण्यापुढे पाच गोष्टी लिहा: कोणाचं, किती, व्याज किती, लेखी काय आहे (चेक, प्रॉमिसरी नोट, करार) आणि जामीन कोण.

पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच लोक सोडतात. आपल्याकडे पतसंस्थेचं कर्ज म्हणजे दोन जामीनदार आलेच. एखादा शाळेत शिपाई असलेला चुलतभाऊ, एखादा एसटीत असलेला मित्र. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी तुमच्याकडून वसूल करून मगच त्याच्याकडे जायचं असं बंधन संस्थेवर नाही. तुमचा हप्ता चुकला की नोटीस त्याच्याही दारात जाते.

वहीत येणंही लिहा. गाळ्याचं डिपॉझिट, वीज मीटरची अनामत, गॅस सिलिंडरची अनामत, उधारीवर गेलेला माल, घाऊक व्यापाऱ्याकडे परत करता येईल असं सीलबंद सामान. उधारी वसूल होणार नाही असं गृहीत धरा, पण लिहा. दुकान चालू असताना मागायला संकोच वाटतो, बंद होताना मागणं सोपं असतं: ‘हिशेब मिटवतोय, तेवढे आपले बघा.’ असं म्हटल्यावर पैसे काढणारी माणसं निघतात.

बेरीज झाली की आकडा बघून पोटात गोळा येतो. तरी डोक्यात फिरणारा आकडा बहुतेक वेळा कागदावरच्यापेक्षा मोठा असतो, कारण डोक्यात एकच देणं रात्रभर दहा वेळा मोजलं जातं.

कोणाचं आधी फेडायचं

जो जास्त ओरडतो त्याला आधी, असं सर्रास चालतं. तो क्रम मोडा.

कामगारांचा पगार सगळ्यांत आधी. त्यांच्याकडे थांबायला काही नसतं, आणि गावात तुमचं नाव काय राहतं हे तेच ठरवतात. त्यानंतर घर किंवा दुसऱ्याची मान अडकलेली कर्जं: तारण असलेलं आणि जामीनदार असलेलं. मग दिलेले चेक. व्यापारी त्यानंतर. नातेवाईक शेवटी. पण शेवटी पैसे द्यायचे म्हणजे सांगायचंही शेवटी असं नाही. नातेवाइकांना सांगायचं सगळ्यांत आधी. मात्र हातउसने देणाऱ्यात कोणाच्या घरी दवाखाना किंवा लग्न असेल तर त्याचा नंबर वर घ्या. नियम माणसापेक्षा मोठा नाही.

एक कर्ज फेडायला दुसरं काढू नका. मोबाइलवर दहा मिनिटांत पैसे देणारी ॲप तर नकोच. सोनं गहाण असेल आणि सोडवायची ऐपत दोन-चार महिन्यांत येणार नसेल, तर व्याज चढून लिलावाची नोटीस येईपर्यंत थांबू नका. ओळखीच्या सराफामार्फत सोडवून विकलं तर बहुधा जास्त हातात येतं. घरात हा विषय काढणं अवघड आहे, मला ठाऊक आहे. लिलावाचं पत्र आल्यावर काढणं त्याहून अवघड.

बँक, पतसंस्था, चेक आणि सावकार

बँकेत स्वतःहून जा, हप्ता चुकायच्या आधी. हप्ता थकून ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बुडीत-थकीत कर्जात जमा होतं आणि त्यानंतर शाखेतल्या माणसाच्या हातात फारसं राहत नाही. त्याआधी हप्ता कमी करून मुदत वाढवून मागता येते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, सोबत वहीतला हिशेब जोडा. विनातारण मुद्रा कर्ज असेल तर ‘ते माफ होतं’ म्हणणारे चार जण भेटतील. माफ होत नाही.

तारण कर्ज एनपीए झालं तर बँक सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण जप्त करून वसुली करायच्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस देऊ शकते. ती आली की कपाटात ठेवू नका. त्या मुदतीत लेखी हरकत घेता येते आणि बँकेला तिचं उत्तर द्यावं लागतं. पतसंस्थेची वाट वेगळी असते: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला निघतो. त्या सुनावणीला हजर राहा. न गेल्याने दाखला टळत नाही, फक्त तुमचं म्हणणं नोंदलं जात नाही.

एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस, ऐकायला गोड असते. दोन लाखांचे सव्वा लाखात मिटतात. पण सिबिलच्या, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या अहवालात ते खातं ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ दिसतं आणि पुढची बरीच वर्षं कर्ज मागायला गेलं की तो शब्द आडवा येतो. दुसरा इलाज नसेल तर जरूर करा. हप्ते पाडून पूर्ण फेडणं शक्य असेल तर मी तोच सल्ला देतो.

वसुलीवाले फोन करणार. बँक आणि एनबीएफसीच्या (खासगी फायनान्स कंपन्यांच्या) एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास द्यायचा नाही, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. त्रास झाला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. हेल्पलाइन १४४४८.

चेकबाबत गाफील राहू नका. व्यापाऱ्याला पुढच्या तारखांचे चेक दिले असतील तर खातं रिकामं करण्याआधी त्याला भेटा आणि ते परत मागा. चेक वटला नाही तर समोरचा ३० दिवसांत नोटीस पाठवू शकतो. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होते. उधारीचं भांडण एका कागदामुळे कोर्टात जातं ते इथे. प्रकरण गेलंच असेल तर लोकअदालतीत तडजोड होऊ शकते. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा, १५१०० वर फोन लागतो.

आणि खासगी सावकार. महिन्याला पाच टक्के, दहा टक्के. महाराष्ट्रात सावकारीचा परवाना लागतो, २०१४ चा कायदा आहे, आणि बेकायदा सावकारीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते. दामदुपटीचा जुना नियमही कायद्यात आहे: सावकाराला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. तुम्ही आजवर किती दिलं ते तारखेसह लिहून काढा. नुसता तो कागद समोर ठेवल्यावर पुष्कळ सावकारांची भाषा बदलते. कोरे चेक किंवा सही केलेले स्टॅम्पपेपर त्याच्याकडे असतील, किंवा धमक्या येत असतील, तर एकटे जाऊ नका.

फोन

व्यापाऱ्याला बातमी बाजारातून कळण्याआधी तुमच्याकडून कळली पाहिजे. बोलणं छोटं ठेवा. रडगाणं नको, कारणमीमांसा नको. असं काहीसं:

‘काका, पंधरा तारखेला दुकान बंद करतोय. तुमचे ३४,००० निघतात. एकदम देणं जमणार नाही. सीलबंद माल आहे सात-आठ हजारांचा, तो परत घ्या. उरलेल्याचे दर महिन्याच्या पाच तारखेला ३,००० टाकतो.’

तो चिडेल. दोन वाक्यं ऐकून घ्या. मग हेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. आणि ३,००० म्हटलं तर ३,०००च. जोशात ५,००० कबूल करून दुसऱ्याच महिन्यात फोन न उचलणारा माणूस बाजारातून उठतो. सांगितलेले दोन हजार नियमित देणाऱ्याला तोच व्यापारी पुढे पुन्हा माल देतो, हे मी बघितलंय. एखाद्या महिन्यात जमणार नसेल तर चार तारखेला फोन करा, सहा तारखेला नाही.

सामान आणि कागद

सामान घाईत विकलं की भंगाराचा भाव मिळतो. डीप फ्रीज, स्टीलचं काउंटर, भट्टी, टेबलं यांना गिऱ्हाईक असतं, पण ते भंगारवाला नसतं. नवीन हॉटेल टाकणारा असतो. म्हणून शटर ओढण्याच्या महिनाभर आधी फोटो टाका, गावातल्या केटरर्सना विचारा. गाळामालकाला नवीन भाडेकरू शोधून दिलात आणि त्यालाच फर्निचरसकट गाळा दिला, तर दोघांचंही भलं होतं, डिपॉझिटही लवकर सुटतं. गाळा देताना सगळ्या कोपऱ्यांचे फोटो, मीटरचं रीडिंग आणि चावी मिळाल्याची सही घ्या. कमर्शियल सिलिंडर परत करताना कनेक्शनचं एसव्ही व्हाउचर, म्हणजे अनामत भरल्याची मूळ पावती लागते. ते हरवलेलं असतं. शोधा.

कागदांचा कंटाळा महागात पडतो. दुकान बंद झालं म्हणून जीएसटी आपोआप बंद होत नाही. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावं लागतं, नाही भरलं तर विलंब शुल्क चढत राहतं. आरईजी-१६ अर्ज करून नोंदणी रद्द करून घ्या. नियमित करदाते असाल तर त्यानंतर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरणपत्र भरा. हे शेवटचं पान विसरलेले लोक वर्षभराने नोटीस घेऊन येतात. व्यवसाय कराची पीटीईसी नोंदणीही रद्द करायची, नाहीतर वर्षाला २,५०० चं देणं चालूच राहतं. गुमास्ता, अन्न परवाना, स्वाइप मशीन, साउंड बॉक्सचं भाडं, चालू खात्यावरचा किमान शिल्लकीचा दंड, हे सगळं एका दिवसात उरकून टाका.

आणखी एक गोष्ट, जी फारसं कोणी सांगत नाही. त्या वर्षीचं आयकर विवरणपत्र मुदतीत भरा. ‘तोटाच झाला, कर कसला’ म्हणून लोक सोडून देतात. हिशेब नीट लिहिलेला असेल आणि विवरणपत्र मुदतीत गेलं असेल तर धंद्यातला तोटा पुढची ८ वर्षं ओढता येतो आणि नंतरच्या धंद्याच्या नफ्यातून वजा होतो. मुदत चुकली की तो हक्क गेला.

घरात आणि गावात

बायकोपासून लपवलेलं कर्ज हा या सगळ्यातला सगळ्यात वाईट भाग. आकडा एकदाच आणि पूर्ण सांगा. आज दोन लाख, आठवड्याने ‘अजून पतसंस्थेचं एक आहे’, महिन्याने ‘तुझ्या भावाकडूनही घेतले होते’, असं हप्त्याहप्त्याने सांगितलं की पैशापेक्षा विश्वास आधी जातो. वही समोर ठेवा आणि ती वाचू दे. लगेच उपाय सुचवू नका. मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर त्यांनाही साध्या शब्दांत सांगा: दुकान बंद होतंय, बाबा नोकरी बघतायत, या वर्षी काही गोष्टी कमी होतील. त्यांना कळलेलं असतंच, फक्त कारण माहीत नसतं.

आईवडिलांना सांगताना कोणी मोठं माणूस बरोबर असलं तर बरं. मामा, आत्या, जे घरात ऐकलं जातं ते.

गावासाठी एकच वाक्य तयार ठेवा. ‘चाललं नाही, बंद केलं, आता अमुक बघतोय.’ लग्नात, पारावर, गिरणीत, सगळीकडे तेच. लोक काय म्हणतील याची भीती खोटी नाही, लोक म्हणतातच. महिनाभर म्हणतात, मग दुसऱ्या कोणाचं तरी काहीतरी होतं. तुम्ही तोंड चुकवत राहिलात तर मात्र विषय लांबतो.

झोप उडणं, चिडचिड, भूक जाणं हे काही आठवडे चालतं. पण दारू वाढली, माणूस घरातून उठेनासा झाला, ‘मी नसतो तर विम्याचे पैसे तरी मिळाले असते’ अशी भाषा तोंडात आली, तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास, फुकट आणि मराठीत उपलब्ध आहे. तालुक्याच्या डॉक्टरला सांगितलं तरी चालेल. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि वही काही दिवस दुसऱ्या कोणाच्या हातात द्या. घरातल्या एखाद्याने फोन घ्यायला बसलं तरी निम्मा ताण उतरतो.

का बुडालं, हे शोधायचं कधी आणि कसं

लगेच नाही. शटर ओढल्यावर पहिल्या महिन्यात माणूस एकतर स्वतःला झोडपत असतो, नाहीतर जगाला. दोन-तीन महिन्यांनी, पहिले दोन हप्ते वेळेवर गेल्यावर, वही पुन्हा उघडा.

मला येणारी उत्तरं दोन टोकांची असतात. एक: ‘मीच नालायक, मला धंदा जमत नाही.’ दुसरं: ‘नजर लागली, माणसं टिकत नाहीत, मोठ्या मॉलने मारलं.’ दोन्ही उत्तरांतून पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळत नाही, म्हणून दोन्ही बिनकामाची.

वरचं मिसळीचं गणित पुन्हा बघा. त्या रस्त्यावर सकाळी नाश्त्याला थांबणारी माणसं रोज शंभर असतील आणि आधीच तीन गाड्या उभ्या असतील, तर ७३ प्लेटा विकल्या जाणारच नव्हत्या. मालक पहाटे चारला उठून तर्री करत होता, पण निकाल त्याच्या कष्टांनी लागला नाही, १८,००० च्या भाड्याच्या करारावर सही झाली त्या दिवशी लागला. हे कळलं की स्वतःला नालायक म्हणणं थांबतं. आणि त्याच वेळी खरी चूकही हाताशी येते: गाळा घेण्याआधी आठवडाभर त्या रस्त्यावर उभं राहून माणसं मोजली नव्हती.

असाच खोदून काढायचा दुसरा मुद्दा म्हणजे घरखर्च. गल्ल्यातून किराणा, गल्ल्यातून मुलाची फी, गल्ल्यातून पेट्रोल. कुठेच नोंद नाही. बँक स्टेटमेंटवर हिरव्या पेनने घरच्या खर्चावर खुणा करा. काही दुकानं खरं तर तोट्यात नव्हतीच, मालकाचं घर त्यांना पेलत नव्हतं. अशा माणसाला धंदा जमतो, पगार ठरवून घेणं जमत नाही. फरक मोठा आहे, कारण दुसरी गोष्ट शिकता येते.

उधारी बघा: कोणाला दिली, का दिली, ‘नाही’ कोणाला म्हणता आलं नाही. भागीदार असेल तर कामाची वाटणी लिहिलेली होती का ते बघा. फ्रँचायझी असेल तर कंपनीने दाखवलेला विक्रीचा आकडा तुम्ही कोणत्या चालू दुकानात बसून पडताळला होता का? आणि शेवटी जे खरंच तुमच्या हातात नव्हतं तेही प्रामाणिकपणे लिहा. पुलाच्या कामासाठी रस्ता आठ महिने बंद राहिला तर गिऱ्हाईक येत नाही, त्याला कोणी काय करणार. पण त्या आठ महिन्यांत चौथ्या महिन्याला बंद का नाही केलं, हा प्रश्न तुमचाच.

हे एकट्याने करू नका. तुमचं कौतुक करणारा मित्र नको आणि ‘मी आधीच सांगितलं होतं’ म्हणणारा भाऊजी तर मुळीच नको. त्याच धंद्यात वीस वर्षं टिकलेला कोणीतरी बघा, त्याच्याकडे दुपारच्या रिकाम्या वेळी कागद घेऊन जा. असली माणसं तोंडाने फटकळ असतात, पण आकड्यांवर बोट बरोबर ठेवतात.

पुढचं काम

बहुतेकांना आधी नोकरी धरावी लागते, आणि त्यात कमीपणा वाटतो: कालपर्यंत शेठ, आज दुसऱ्याच्या दुकानात. पण हप्ते फिटायचे तर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम येणं हेच औषध आहे. मुलाखतीत धंद्याची वर्षं लपवू नका, ‘गॅप’ म्हणून तर सांगूच नका. दोन वर्षं दुकान चालवणाऱ्याने खरेदी केली, माणसं सांभाळली, गिऱ्हाइकाची तक्रार ऐकली, जीएसटी भरला. ते तसंच सांगा. ‘बंद का झालं?’ विचारलं तर वहीतलं एक आकड्याचं वाक्य द्या: भाडं विक्रीच्या मानाने जास्त होतं, म्हणून अमुक महिन्यात बंद केलं, देणी फेडतोय. असं उत्तर देणारा उमेदवार मालकाला आवडतो, कारण त्याला स्वतःलाही रोज तीच गणितं पडतात.

पुन्हा धंदा करायचा असेल तर माझ्या दोन अटी. जामीनदार असलेलं सगळं कर्ज फिटल्याशिवाय नाही, आणि पहिल्यांदा गाळा घेऊन नाही. मिसळ चांगली होती ना? मग रविवारी घरून ऑर्डर घ्या, कंपनीच्या एखाद्या कार्यक्रमाचं केटरिंग करा, दुसऱ्याच्या गाळ्यात सकाळचे तीन तास भाड्याने मागा. ठरलेला खर्च जवळजवळ शून्य ठेवून सहा महिने आकडे लिहा. गेल्या खेपेला जे आधी करायचं राहिलं होतं, ते आता स्वस्तात होतं.

कर्ज फिटत जाईल तसतशी एक फाईल लावा. प्रत्येक संस्थेचा बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असा), परत मिळालेले चेक, रद्द केलेली प्रॉमिसरी नोट, तारण सोडवल्याचा कागद, जीएसटी रद्द झाल्याचा आदेश. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, तेव्हा बिलांची पोती लगेच रद्दीत घालू नका. शेवटचा हप्ता गेल्यावर दोनेक महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. फिटलेलं कर्ज अजून थकीत दिसत असेल तर ऑनलाइन तक्रार टाका आणि दाखला जोडा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मागायचा हक्क रिझर्व्ह बँकेने दिलेला आहे. जामीनदारांनाही त्यांचा अहवाल काढायला सांगा. तुमचं कर्ज त्यांच्याही नावापुढे लागलेलं असतं, आणि ते निघालंय का हे तपासायचं त्यांना कोणी सांगत नाही.